वाणात दिलेला गेम

दुपारी साडेचारला आईनं पहिलं वाण बर्गे काकूंच्या हातावर ठेवलं. काकूंनी लाल बटव्याची नाडी सोडली, तिळगुळाची पुडी बाजूला केली आणि आतली वस्तू खिडकीच्या उजेडात धरली.

“काय गं सुलभा हे? शिट्टी?”

“शिट्टी कशाला देईन? नीट बघा की.”

“गॅस पेटवायचं असेल,” शेजारच्या पवार वहिनी म्हणाल्या. “आमच्या नणंदेनं दिलं होतं तसलं. दोन दिवसांत बिघडलं.”

“पेन ड्राइव्ह आहे तो,” आई म्हणाली. हे दोन शब्द तिनं सकाळपासून घोकले असावेत, इतके स्वच्छ आले. “कॉम्प्युटरला लावायचा. आत आमच्या शलाकाचा गेम आहे. पूर्ण.”

बायकांत एकदम गलका झाला. ज्यांच्या हातात अजून वाण पडलं नव्हतं त्यांनी हात पुढे केले. मी आईच्या मागे हळदीकुंकवाचं ताट धरून उभी होते. आदल्या संध्याकाळी मी साताऱ्याहून आले तेव्हा कपाटात बटव्यांची पिशवी पाहिली होती आणि विचारलंही होतं. आई म्हणाली होती, “उद्या कळेल. शलाकाला बोलू नकोस.”

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार होता. शलाका माझी धाकटी बहीण. पुण्यातली नोकरी सोडून ती फलटणला घरी येऊन राहिली होती आणि वरच्या खोलीत बसून तिनं तिचा मित्र इरफान मुलाणी याच्याबरोबर एक गेम केला होता. कोडी आणि रचना तिची, चित्रं इरफानची. नाव ‘पाटकरी’. खेळणारा हा कालव्यावरचा पाटकरी. धरणातून पाणी सुटतं, दारं उघडायची, मिटायची, ठरलेल्या पाळीनं प्रत्येक शेताला पाणी पोचवायचं. वरच्या अंगाचे लोक पाट फोडून पाणी वळवतात, शेपटाकडची शेतं कोरडी राहतात. शेवटच्या पातळीवर अगदी टोकाचं एक शेत असतं, त्याला पाणी दिलं की गेम संपतो. पाळीचे सगळे नियम अण्णांनी सांगितले होते. अण्णा म्हणजे आमचे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कालवा निरीक्षक.

गेम दिवाळीत बाहेर आला होता. दोघांनी स्वतःची वेबसाइट केली होती. तिथं पैसे भरले की गेम उतरवून घेता यायचा. किंमत साडेतीनशे रुपये. ती ठरवायला त्यांना आठवडा लागला होता. इरफान पाचशे म्हणत होता, शलाका दोनशे.

जानेवारीत इरफानला हैदराबादच्या एका कंपनीनं बोलावलं. मोबाइलवरचे गेम करणारी मोठी कंपनी, पगार चांगला. उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. दोघांनी आपापसात एक आकडा ठरवला. महिनाअखेरपर्यंत पाचशे प्रती गेल्या, तर इरफाननं हैदराबादला नाही म्हणायचं आणि दुसरा गेम सुरू करायचा. नाही गेल्या, तर त्यानं जायचं. इरफानशिवाय शलाका दुसरा गेम करू शकत नव्हती. तिला चित्रं येत नाहीत आणि चित्रकार ठेवायला पैसे नव्हते.

हळदीकुंकवाच्या दिवशी पाचशेला शंभराच्या आसपास कमी होते. पण गावच्या साप्ताहिकात बातमी आल्यापासून फलटण आणि बारामतीची नावं दिसू लागली होती. रोज सात-आठ. शलाका सकाळ-संध्याकाळ आकडा बघायची आणि खाली येऊन नुसती बोटं दाखवायची. सात. आठ. एक दिवस अकरा, तेव्हा दोन्ही हात आणि वर नाक पुढे केलं होतं.

आईला यातलं एवढंच माहीत होतं की गेम चांगला झाला आहे, पेपरात आला आहे आणि तरी लोक विचारतात, शलाका सध्या काय करते?

“बोलवा की तिला,” पवार वहिनी म्हणाल्या. “आम्हाला दाखवू दे कसं लावायचं ते.”

“शलाका!” आईनं जिन्याखालून हाक मारली. “अगं खाली ये. कुंकू लावून घे.”

शलाका केस बांधत खाली आली. तिनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, बर्गे काकूंपाशी आली आणि वाकलेलीच थांबली. काकूंच्या तळहातावर पेन ड्राइव्ह होता.

“बघ बाई,” काकू म्हणाल्या, “तुझ्या आईनं काय लुटायला काढलंय. दरवर्षी आपले डबे नि चाळण्या. हे पहिल्यांदाच.”

“यात काय आहे, काकू?”

“तुझा गेम म्हणे. पूर्ण.”

शलाकानं आईकडे पाहिलं. आई इतकी खुशीत होती की तिला त्या नजरेत काही दिसलं नाही. तिनं शलाकाच्या कपाळाला कुंकू लावलं, ताटातला एक बटवा उचलला आणि तिच्या हातावर ठेवला.

“तुलाही. तुझंच आहे, पण मान असतो.”

“किती केलेत, आई?”

“चाळीस. पुरतील का बघते आता, तुझं नाव ऐकून कधी न येणाऱ्या बायका आल्यात.”

“बरं झालं बाई दिलंस,” गीता मामी बटवा पर्समध्ये टाकत म्हणाली. “आमचा पप्पू महिनाभर मागं लागलाय. मी म्हटलं, साडेतीनशे? खेळायला? मोबाइलवर फुकट मिळतात ढिगानं.”

“साडेतीनशेत पार्टी होते आमच्याकडं,” कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

शलाकाही हसली. मी तिची मोठी बहीण आहे, मला ते हसणं ओळखू आलं. ती म्हणाली, “ताई, जरा आत ये. आई, तूही.”

स्वयंपाकघरात मसाला दुधाचं पातेलं मंद आचेवर होतं. शलाकानं गॅस बंद केला.

“आई, राहिलेले परत ठेव.”

“का?”

“आणि दिलेत ते मागून घे.”

“वेडी आहेस का? दिलेलं वाण कुणी मागून घेतं का?”

“तो विकायचा गेम आहे, आई.”

“मग विक की. मी कुठं नको म्हटलं? चाळीस बायकांना दिला म्हणून तुझा संपला का? धान्य आहे का ते?”

शलाकानं ओट्याला टेकून डोळे मिटले. मग शांतपणे विचारलं, “तुला मिळाला कुठून?”

“तूच दिलास. मामीच्या घरी दाखवायला. इंटरनेट नसलं तरी चालेल असा करून दे म्हटलं, तू दिलास. तो नेला बाजारात, नाळेच्या झेरॉक्सच्या दुकानात. त्यानं सगळ्यांत भरून दिला. हुशार आहे हो पोरगा.”

“आणि पेन ड्राइव्ह?”

“त्याच्याकडूनच घेतले. दोनशे साठला एक. कमी केले त्यानं, चाळीस होते म्हणून.”

मी आईकडे बघितलं. पोस्टातले पैसे तिनं डिसेंबरात काढले होते. अण्णांना वाटलं होतं पाटल्या करायच्या आहेत.

“आई,” शलाका म्हणाली, “तू दहा हजारांचे पेन ड्राइव्ह घेतलेस.”

“मग? वाण आहे. हलकं द्यायचं का?”

“गेमचे पैसे कुणाला दिलेस?”

आईला प्रश्नच कळला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे.

“गेमचे कसले पैसे? तो तर घरचा आहे. तू केलेलास. लोणचं वाटायचं म्हटलं तर बरणीचे पैसे पडतात, लोणचं आपलंच असतं.” ती थांबली. “आणि साडेतीनशे खरंच जास्त आहेत गं. मी तुला तेव्हाच म्हणणार होते. हातात काही पडत नाही माणसाच्या.”

बाहेरून हाक आली. नव्या बायका आल्या होत्या. आईनं पदर सावरला, उरलेल्या बटव्यांचं ताट उचललं आणि दाराशी जाऊन मागे वळली. “काय करू? सांग. सगळ्या बसल्यात.”

शलाका पातेल्याकडे वळली. आई क्षणभर थांबली आणि बाहेर गेली. मग पुढच्या खोलीतून परत तेच ऐकू आलं, काय गं हे, शिट्टी का?

शलाकानं गॅस पेटवला आणि दूध ढवळायला घेतलं. “इरफानला सांगते,” ती म्हणाली. तिथंच उभी राहून तिनं फोन लावला. पलीकडून हसणं मला ऐकू आलं. बराच वेळ. मग तो काहीतरी बोलला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, चाळीस बायका खेळणार असतील तर एकीला तरी शेवटचं शेत भिजवता येतंय का विचार.”

त्या रात्री जेवताना अण्णांना कळलं. त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाले, “पाट फोडणाऱ्याला आपण चोर आहोत असं कधी वाटलेलं मी बघितलं नाही. त्याचं म्हणणं एकच, साहेब, पाणी वाहतच होतं की.”

“मी फोडला का पाट?” आई म्हणाली.

“तू नाहीस. तू दार उघडलंस.”

आई जेवण अर्धं टाकून उठली. शलाकानं तिला हाताला धरून परत बसवलं. “अण्णा, पुरे,” ती म्हणाली.

सोमवारी आकडा पाच होता. मंगळवारी तीन. त्यानंतर शलाका खाली येऊन बोटं दाखवेनाशी झाली.

शनिवारी मी परत साताऱ्याहून आले तेव्हा ती म्हणाली, “चल, बाजारात जाऊ.” नाळेचं दुकान बसस्थानकाजवळच्या गल्लीत होतं. झेरॉक्सचं यंत्र, लॅमिनेशन, मोबाइलची कव्हरं आणि काचेच्या काउंटरवर एक जुना कॉम्प्युटर. काचेवर आतून एक कागद चिकटवला होता, स्केचपेननं ठळक लिहिलेला: पाटकरी. आपल्या फलटणचा गेम. ३० रु.

दुकानात गर्दी नव्हती. नाळे तिशीचा होता, गोरटेला, कानात भिकबाळी. शलाकाला त्यानं ओळखलं नाही. साप्ताहिकातल्या फोटोत तिचा निम्मा चेहरा लॅपटॉपमागे गेला होता.

“हा कसला गेम?” शलाकानं विचारलं.

“एक नंबर आहे, मॅडम. पाटाच्या पाण्यावर आहे. मी स्वतः खेळतो. आपल्या गावच्या पोरीनं केलाय. पुण्याची नोकरी सोडून आली ती.” त्यानं पेन ड्राइव्हसाठी हात पुढे केला. “तुमचा आणलाय का मी देऊ?”

“तीस रुपये गेमचे?”

“गेमचे नाही. गेमचे मी कसे घेईन? कॉपी करायचे घेतो. वेळ जातो की, मॅडम. लाइट जाते.”

“किती जातात रोज?”

“पाच-सहा. शनिवारी जास्त. होस्टेलची पोरं येतात.”

शलाका माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती. “वेबसाइटवर साडेतीनशेला आहे ना?”

“साडेतीनशेला कोण घेणार? तुम्हीच सांगा. त्या मोठ्या कंपन्यांचे चार-चार हजाराचे येतात, तेही मी असेच देतो. आपल्याकडं भेदभाव नाही.” तो हसला. “आणि पोरीला काय कमी आहे? पेपरात आलंय तिचं. लाखात खेळत असणार.”

“पन्नासला असता तर घेतला असता लोकांनी? वेबसाइटवरून?”

नाळेनं खरोखर विचार केला. त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. त्यानं मान तिरकी केली, हिशोब केल्यासारखं छताकडे बघितलं.

“नाही,” तो म्हणाला. “पन्नासला पण नाही. पन्नास जास्त नाहीत हो. पण आमच्या शेजारच्याला फुकट मिळाला आणि मी पन्नास दिले म्हटल्यावर मी येडा ठरतो ना. किमतीचं नाही ते.”

“मग तुम्हाला तीस देतात ते?”

“ते कामाचे देतात.”

एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढून गेली. मग शलाका म्हणाली, “मीच ती. शलाका रणवरे.”

नाळेचा चेहरा मी विसरणार नाही. आधी तो हसला, मग त्याला खरं वाटलं. त्यानं काउंटरमागचं एकुलतं एक स्टूल उचलून बाहेर आणून ठेवलं आणि समोरच्या टपरीला ओरडला, “तीन चहा! कडक!” मग काचेवरचा कागद सोलायला लागला. तो नीट निघेना, निम्मा तिथंच राहिला.

“मावशी आल्या होत्या ओ,” तो म्हणाला. “त्यांनीच दिला. म्हटल्या, माझ्या लेकीचा आहे, सगळ्यांपर्यंत जाऊ दे. मला वाटलं, तुमचीच परवानगी आहे.”

“तिचीच होती.”

“कॉम्प्युटरमधून काढून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर. आणि जेवढे घेतले तेवढे देतो.”

“ते तुमचे आहेत. कामाचे आहेत.”

ती टोमणा मारत होती की नाही, ते त्याला कळलं नाही. मलाही कळलं नाही. त्यानं गेम पुसला, पडदा आमच्याकडे फिरवून दाखवला. चहा आला. शलाका तो पूर्ण प्यायली. उठताना तिनं विचारलं, “कुठपर्यंत गेलात?”

“शेवटच्याला अडकलोय. टोकाच्या शेताला पाणीच पोचत नाही. सगळी दारं उघडून बघितली.”

“सगळी उघडलीत म्हणून नाही पोचत.”

“मग?”

“वरची मिटायची आणि थांबायचं. बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं. तेवढ्यात माणूस उठतो आणि परत वरचं दार उघडतो.”

“दुसरा भाग कधी येणार?” नाळेनं विचारलं. त्यानं ते अगदी मनापासून विचारलं होतं.

“बघू,” शलाका म्हणाली.

परत येताना रिक्षात ती एवढंच बोलली, “ताई, त्याला खेळता येतो गं. नीट कळलाय त्याला.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी इरफान आला. तो कोळकीला राहायचा, सायकलवर यायचा. आकडा दोघांनाही माहीत होता. पाचशेला साठच्या वर कमी होते. तो वर गेला, अर्ध्या तासानं दोघं खाली आली. शलाकाचे डोळे कोरडे होते. इरफानचे नव्हते. पाचशेचं आणि नाळेचं तोवर मी आईला सांगितलं होतं. तिनं त्याला वाटीत तिळगूळ दिला आणि समोर उभी राहिली.

“माझ्यामुळं चाललास ना रे?”

“नाही, काकू.”

“खरं सांग. मला कुणी खरं सांगत नाही. पोरगी तर बोलतच नाही.”

“खरं सांगतोय. पाचशेला पोचलो नसतो. बातमी जुनी झाली की तसंही थांबणारच होतं. आणि चाळीस पेन ड्राइव्हनं काय होतंय?”

“चाळीसचे चारशे झाले असतील, नाळेकडं.”

“त्यांनी घेतलाच नसता विकत.”

“कशावरून?”

इरफाननं तिळगूळ तोंडात टाकला. “कशावरून ते मला माहीत नाही, काकू,” तो म्हणाला.

ते आकडे मी नंतर दोनदा पाहिले आहेत. हळदीकुंकवाच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा. वेग आधीसारखा राहिला असता, तर पाचशेच्या अगदी जवळ गेले असते, कदाचित पलीकडेही. पण बातमीनंतर किती दिवस तो तसा राहतो, याला आधार नाही. त्या आकड्यांवरून कुणालाही दोषी धरता येत नाही आणि कुणाला सोडूनही देता येत नाही.

इरफान अण्णांच्या पाया पडला. आईच्या पडायला वाकला तर तिनं त्याला मधेच धरलं. तो गेल्यावर शलाका वर गेली आणि दार लोटून घेतलं.

आई माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात तिचा फोन होता. अण्णांनी घेऊन दिलेला, ती त्यावर फक्त फोन घ्यायची आणि आरत्या ऐकायची.

“मला एक घेऊन दे,” ती म्हणाली.

“काय?”

“गेम. विकत. तिच्या त्या दुकानातून.”

“आई, तुझ्याकडं कॉम्प्युटर कुठं आहे?”

“नसू दे. माझ्या खात्यातून जायला पाहिजेत पैसे. अण्णांच्या नको. तू तुझे तर बिलकूल घालू नकोस.”

तिच्या खात्याला फोन जोडायला बराच वेळ गेला. पिन नंबर टाकताना तिनं मला तोंड वळवायला लावलं. साडेतीनशे रुपये गेले. फोनवर हिरवी खूण आली. ती तिनं चष्मा लावून जवळून बघितली.

“आता? काय मिळालं?”

“आता तो उतरवून घेता येईल.”

“म्हणजे हातात काही नाही.”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

प्रत्येक विक्रीला शलाकाच्या फोनवर घेणाऱ्याचं नाव यायचं. वरच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली, फोन हातात. आईनं वर पाहिलं नाही. ती पदरानं चष्म्याच्या काचा पुसत राहिली, त्या स्वच्छ होत्या तरी. शलाका दोन पायऱ्या उतरली, तिथंच बसली आणि जिन्याच्या कठड्याला डोकं टेकलं. थोड्या वेळानं आई उठून कुकर लावायला गेली.

फेब्रुवारीत इरफान हैदराबादला गेला. शलाकानं बारामतीच्या एका कॉलेजात शिकवायला सुरुवात केली. ‘पाटकरी’ वेबसाइटवर तसाच होता. महिन्याला एखादी प्रत जायची, एखाद्या महिन्यात तीही नाही. नाळेनं दुकान बदललं, आता तो कॅमेरे बसवून देतो. बर्गे काकूंनी त्यांचा पेन ड्राइव्ह देवघरात ठेवला आहे, बटव्यासकट. कॉम्प्युटर त्यांच्याकडे कधीच नव्हता. पण गीता मामीच्या पप्पूनं टोकाचं शेत भिजवलं. त्यानं तो फुकट खेळला आणि आता तो नाशिकला गेम करायलाच शिकतो आहे.

आईनं त्यानंतर वाणात कधी नवीन काही दिलं नाही. डबे, चाळण्या, एकदा स्टीलच्या पळ्या.

गेल्या दिवाळीत शलाकानं सांगितलं की दुसरा गेम तयार आहे. चार वर्षं ती आणि इरफान सुट्टीच्या दिवशी फोनवर बसून तो करत होते. त्यानं नोकरी सोडलेली नाही, तिनंही नाही. नाव मला माहीत आहे, पण तिनं सांगायला मनाई केली आहे. या वेळी स्वतःची वेबसाइट नाही, गेम विकणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानात तो येणार आहे. तिथं चित्रं चढवून झाली, वर्णन मी मराठीत लिहून दिलं, तारीख घातली. किंमत राहिली.

इरफान या वेळी दोनशे म्हणतो. शलाका पाचशे म्हणाली, मग साडेतीनशे, मग म्हणाली, फुकट देऊन टाकते. मग म्हणाली, विचार करते.

संक्रांतीला मी घरी होते. आई तीळ भाजत होती. तिनं मान न वळवता विचारलं, “किंमत ठरली का गं तुझी?”

“नाही अजून,” शलाका म्हणाली.

“ठरली की सांग. मला चाळीस घ्यायचेत. विकत.”

“आई, ते हातात देता येत नाहीत.”

“माहितीय मला. एकेका गेमचा एकेक नंबर येतो म्हणे, तो टाकला की गेम उतरतो. नंबर कागदावर लिहीन आणि बटव्यात घालीन. बटवे शिवून झालेत.” तिनं कढई उतरवली. “पण चाळीसचा खर्च धरायचा तर आधी किंमत कळायला पाहिजे. पोस्टातून काढायला दोन दिवस लागतात.”

शलाका तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं ताटलीतले चार तीळ उचलले आणि वर गेली.

हळदीकुंकू येत्या रविवारी आहे. आज सकाळी मी त्या ऑनलाइन दुकानातलं गेमचं पान उघडून पाहिलं. चित्रं आहेत, वर्णन आहे, तारीख आहे. किमतीचा रकाना रिकामा आहे.